सेंट्रल लाइन आणि शिरेतली गाठ: लाइन टाकण्याआधीपासून काढेपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

पिक लाइन (दंडातून टाकलेली लांब नळी), केमो पोर्ट (कातडीखाली बसवलेली डबी आणि तिची नळी), डायलिसिससाठी गळ्यात टाकलेली नळी, यातलं काहीही घेऊन पेशंट घरी गेला की थोड्याच दिवसांत फोन येतो, "सिस्टर, हात जरा सुजलाय पण लाइन एकदम मस्त चालू आहे, मग काही टेन्शन नाही ना?" टेन्शन आहे. लाइन चालू असणं वेगळं आणि शीर मोकळी असणं वेगळं, आणि आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या घरांमध्ये नेमका इथेच घोळ होतो, मग कोणी आठ दिवस तेल चोळत बसतं, कोणी गावातल्या डॉक्टरकडून सुजेचं इंजेक्शन घेऊन येतं, आणि पेशंट आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा गाठ, म्हणजे शिरेत गोठलेलं रक्त, दंडातून पार गळ्याच्या खालपर्यंत गेलेली असते. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. औषधाचा डोस इथून ठरवायचा नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. इथे फक्त तयारी काय करायची, आधी काय, नंतर काय, आणि लोक कुठे चुकतात.

आधी हे डोक्यात पक्कं करा

सेंट्रल लाइन म्हणजे दंडातून, गळ्यातून किंवा कॉलरच्या हाडाखालून आत सरकवलेली नळी, जिचं टोक हृदयाच्या अगदी जवळच्या मोठ्या शिरेत असतं. जांघेतून टाकली असेल तर टोक पोटातल्या मोठ्या शिरेत. आता शेताच्या पाटात मध्येच एक पाइप टाकून ठेवला तर काय होतं, पाण्याचा वेग कमी होतो, पाइपाच्या कडेने गाळ धरतो, आणि पाइपातून पाणी धो धो येत असलं तरी पाट मात्र तुंबत चाललेला असतो. शिरेचं अगदी तसंच. नळीमुळे रक्त संथ होतं, नळी शिरेच्या आतल्या अस्तराला घासत राहते, आणि त्यात कॅन्सर, इन्फेक्शन किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर रक्त गोठायला आधीच टपलेलं असतं.

यात तीन वेगवेगळे प्रॉब्लेम असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे:

नळीच्या आतच गुठळी: फ्लश (नळी धुवायला सिरींजने सोडायचं सलाईन) जात नाही, रक्तही येत नाही.
नळीच्या टोकाला पापुद्रा: सलाईन आत जातं पण मागे ओढलं की रक्त येत नाही.
शिरेत गाठ: लाइन बरेचदा छान चालू असते, पण हात, खांदा, मान किंवा चेहरा सुजतो. कधी कधी तर काहीच दिसत नाही.

पहिल्या दोन्हींत लाइन कुरकुर करते त्यामुळे लोक लगेच धावत येतात. तिसऱ्यात लाइन गप्प असते, म्हणून घरचेही गप्प बसतात.

पायरी १: लाइन टाकायच्या आधी डॉक्टरांना काय सांगायचं

ही पायरी जवळपास सगळेच सोडून देतात, कारण त्या दिवशी घाई असते, फॉर्मवर सह्या चाललेल्या असतात, बाहेर वीस नातेवाईक उभे असतात. पण या गोष्टी कोणी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा:

आधी कधी पायात, हातात किंवा फुप्फुसात गाठ झाली होती का. आई-वडील, भाऊ-बहिणीला झाली होती का.

आधी कधी सेंट्रल लाइन टाकली होती का, कोणत्या बाजूला, किती दिवस होती. पेसमेकर आहे का. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय तर कोणत्या बाजूचं.

किडनीचा त्रास आहे का. हे फार महत्त्वाचं. ज्याला पुढे डायलिसिस लागू शकतं त्याच्या दंडाच्या शिरा फिस्तुलासाठी (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडायचं ऑपरेशन) जपायच्या असतात, म्हणून अशा पेशंटला हातातून पिक लाइन आणि कॉलरच्या हाडाखालून नळी शक्यतो टाळतात, तिथली शीर नंतर अरुंद झाली तर त्या हाताचा फिस्तुला कामातून जातो.

आणि बायांनो, हार्मोनच्या गोळ्या. गर्भनिरोधक तर आहेतच, पण पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही त्यातच धरा. कानबाईच्या वेळी घरात पूजा आहे म्हणून मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणून घेतल्या जातात आणि "तुम्ही कोणतं औषध घेता" असं विचारलं तर उत्तर येतं "काहीच नाही". या गोळ्यांनी गाठ व्हायची शक्यता वाढते. लाजू नका, सांगा. आणि लाइन असेपर्यंत विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा, राग येत नाही त्यांना: माझं काम भागेल अशी सगळ्यात बारीक नळी कोणती? दोन तोंडांची खरंच लागणार आहे की एका तोंडाची चालेल? सोनोग्राफीत शीर मोजून टाकणार आहात ना? शिरेच्या मानाने नळी जाड झाली की गाठीची शक्यता वाढते, नळीने शिरेची निम्म्याहून कमीच जागा घ्यावी असा साधारण हिशोब असतो. जास्त तोंडं म्हणजे जाड नळी, आणि "असू द्या, पुढे-मागे कामी येईल" म्हणून घेतलेलं दुसरं तोंड बरेचदा नुसतं सांभाळत बसावं लागतं. दंडातल्या पिक लाइनमध्ये गळ्यातल्या किंवा छातीतल्या लाइनपेक्षा गाठीची शक्यता जास्त असते, म्हणून केमो बरेच महिने चालणार असेल तर पोर्टचा विषय आधीच काढा.

चेक: टाकल्यावर एक्स-रे झाला का, टोक बरोबर जागी आहे का, हे विचारूनच बाहेर पडा. टोक वर राहिलं, छोट्या शिरेत अडकलं, तर गाठ होण्याची शक्यता चांगलीच वाढते.

पायरी २: त्याच दिवशी टेप घ्या

शिंप्याकडे असतो तो साधा मापाचा टेप. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण नंतरची अर्धी भांडणं हीच मिटवते.

पिक लाइन असेल तर कोपराच्या घडीपासून वर १० सेंटीमीटर मोजा, तिथे पेनाने बारीक खूण करा आणि दंडाचा घेर मोजा. मग दुसऱ्या हाताचाही तसाच. टेप आवळायचा नाही, ढिलाही सोडायचा नाही. दोन्ही आकडे तारखेसकट फाइलच्या आतल्या पानावर लिहा. गळ्यातली किंवा छातीतली लाइन असली तरी दोन्ही दंड मोजून ठेवा, शिवाय चेहरा आणि मान समोरून दिसेल असा मोबाइलवर एक फोटो काढा. जांघेतली असेल तर दोन्ही मांड्या आणि दोन्ही पोटऱ्या.

मग नळी बाहेर किती सेंटीमीटर दिसतेय ते लिहा, नळीवर आकडे छापलेले असतात. लाइनसोबत जे कार्ड किंवा स्टिकर मिळतं ते हॉस्पिटलमध्येच राहून जातं, ते मागून घ्या, फाइलला चिकटवा.

इथे होणारी चूक: फक्त लाइनवाला हात मोजतात. केमोत वजन कमी-जास्त होतं, अंगावर सूजही येते, मग दंड वाढला तो गाठीमुळे की सगळं अंगच सुजलंय म्हणून, हे दुसऱ्या हाताशी ताडल्याशिवाय कसं कळणार.

पायरी ३: रोज सकाळी दोन मिनिटं

पहिला महिना जास्त सांभाळायचा, बऱ्याचशा गाठी पहिल्या काही आठवड्यांतच होतात. रोज सकाळी दात घासून झाले की, उजेडात, अंगातला सदरा किंवा ब्लाऊज काढून हे बघायचं:

दोन्ही हात समोर धरा. एका हाताची बोटं जाड वाटतायत का, अंगठी किंवा बांगडी रुतायला लागली का. रंग निळसर-लालसर आहे का. खांद्यावर, छातीवर बारीक निळ्या शिरांचं जाळं नव्याने उठलंय का, हे लक्षण लोकांच्या नजरेतून हमखास सुटतं, कारण त्या शिरा दुखत नाहीत. आतला मोठा रस्ता तुंबला की रक्त वरच्या गल्लीबोळातून जायला लागतं, त्या या शिरा.

मग विचारा: हात जड वाटतो का, काखेत, खांद्यात, मानेत किंवा जबड्यात दुखतंय का. आमच्याकडचे म्हातारे पेशंट "दुखत नाही" म्हणतील पण "हात जड लागी ऱ्हायना" एवढं बोलून जातील, त्या एका वाक्याला आम्ही फार मान देतो.

सकाळी उठल्या उठल्या चेहरा किंवा डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या, शर्टाची कॉलर घट्ट, वाकलं की डोकं भरून येतं, असं असेल तर तो सरळ त्याच दिवशीचा विषय आहे.

टेपने माप आठवड्यातून दोनदा पुरे. पहिल्या मापापेक्षा ३ सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर फोन करायचा. वाढ कमी आहे पण दुखतंय किंवा रंग बदललाय, तरी करायचा. आकड्यासाठी थांबून राहू नका.

थांबा: पिक लाइन टाकल्यावर एक-दोन दिवस टाकलेल्या जागी थोडं दुखणं, हिरवं-निळं होणं चालतं. ते रोज कमी होत गेलं पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवशी वाढत असेल तर ते "टाकल्याचं दुखणं" नाही.

पायरी ४: फ्लश, म्हणजे नळीतली गुठळी टाळायचं मुख्य काम

फ्लश कोण करणार ते आधी ठरवा. शक्यतो हॉस्पिटलमध्ये किंवा शिकलेल्या सिस्टरकडून. घरच्याच कोणाला शिकवलं असेल तर एकच माणूस ठेवा, आज सून, उद्या पुतण्या, असं नको.

पिक लाइन वापरात नसेल तर साधारण आठवड्याला एकदा फ्लश आणि ड्रेसिंग, पोर्ट वापरात नसेल तर साधारण महिन्याने, तुमच्या हॉस्पिटलचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल तर त्यांचंच धरा. कापूस वेचणीत, लग्नसराईत, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेल्यावर हे हमखास चुकतं, आणि मग "पोर्ट चालत नाही" म्हणून परत. मोबाइलमध्ये अलार्म लावा.

क्रम असा:

हात साबणाने धुवा, कोरडे करा. कॅपचं तोंड स्पिरिटच्या कापसाने किमान १५ सेकंद घासा आणि वाळू द्या, फुंकर मारायची नाही. १० मिलीचीच सिरींज घ्या. छोट्या सिरींजमध्ये त्याच बोटाच्या जोराने प्रेशर कितीतरी जास्त तयार होतं आणि नळी फुटू शकते किंवा गुठळी पुढे ढकलली जाऊ शकते. सिरींजमधली हवा पूर्ण काढा. क्लॅम्प (नळी बंद करायची चिमटी) उघडा, आधी हलकेच मागे ओढून रक्त येतं का बघा, मग सलाईन थोडं-थोडं, ढकल-थांब, ढकल-थांब असं सोडा, त्याने नळीच्या आतला चिकटा सुटतो. शेवटचं थोडं सलाईन आत जात असतानाच क्लॅम्प बंद करा, म्हणजे रक्त मागे नळीत येत नाही. कॅपच्या प्रकाराप्रमाणे हा शेवटचा क्रम बदलतो, तेव्हा तुमच्या सिस्टरने दाखवला तसाच करा. रक्त काढलं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर फ्लश जास्त लागतो, साधारण दुप्पट.

आता चुका, आणि या मी सारख्या बघते. अर्धा लिटरची सलाईनची बाटली एकदा भोसकून, सुई तशीच ठेवून, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी आठवडाभर वापरतात. नाही. दर वेळी नवी १० मिलीची छोटी कुपी, उरलेलं फेकून द्यायचं. इन्फेक्शन झालं की गाठ व्हायची शक्यता वाढते आणि गाठीत जंतू घर करतात, दोन्ही एकमेकांचे सोबती आहेत.

दुसरी चूक, अंदाजाने हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरणं. मेडिकलवर मिळणाऱ्या हेपॅरिनच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, एका मिलीत १००० युनिटही असतं आणि ५००० ही असतं, बाटल्या दिसायला सारख्याच. हेपॅरिन लागणार असेल तर ते ताकदीसकट लिहून दिलेलं असलं पाहिजे. नसेल तर नाही भरायचं.

थांबा: फ्लश जात नसेल तर जोर लावायचा नाही. आधी क्लॅम्प बंद राहिलाय का, नळी ड्रेसिंगखाली मुडपलीय का बघा, पेशंटला हात वर करायला, मान वळवायला, खोकायला सांगा. तरी नाही गेलं तर क्लॅम्प लावा आणि हॉस्पिटल. तिथे गुठळी विरघळवायचं औषध नळीत भरून अर्धा ते दोन तास ठेवतात, बऱ्याच लाइन त्याने सुटतात. घरी तार, सुई, गरम पाणी, काही नाही.

डायलिसिसच्या नळीला घरी कोणीही हात लावायचा नाही, फ्लशही नाही. त्यात मुद्दाम हेपॅरिन किंवा सायट्रेट भरून ठेवलेलं असतं, ते आधी ओढून काढावं लागतं, तसंच आत ढकललं तर हेपॅरिनने पेशंटला रक्तस्राव होऊ शकतो, सायट्रेटने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गावात ताप आला, शीर सापडली नाही, की "आहे ना ही नळी" म्हणून त्यातूनच सलाईन लावायचा मोह होतो, स्पष्ट नाही म्हणा. मशीनवर सारखे अलार्म, पंपाचा स्पीड कमी ठेवावा लागतोय, दर वेळी लाइन उलटी जोडावी लागतेय, हे टेक्निशियनच्या तोंडून ऐकलं तर ते नळी तुंबत असल्याचं पहिलं चिन्ह आहे, डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि जोडल्या जोडल्या हुडहुडी भरून ताप येत असेल तर तेही.

पायरी ५: हात चालू ठेवा, पण आवळू नका

लाइन टाकली की घरचे पेशंटला काचेच्या बरणीसारखं जपतात. हात उशीवर, पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजायचं. हे उलटं आहे. हात न हलवल्याने रक्त आणखी संथ होतं. जेवा, केस विंचरा, भाकरी थापा, मूठ उघड-मीट करा, मऊ चेंडू दाबत बसा. जे टाळायचं ते वजन आणि झटके: पाण्याचे हंडे, हापशी मारणं, केळीचे घड उचलणं, फवारणीचा पंप पाठीला लावणं, ट्रॅक्टर. अखाजीला झोक्यावर दोर धरून उभ्याने झोके घेणंही यात आलं, बसून घ्या, दुसऱ्याने द्यायचा.

त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई टोचणं नको. घट्ट बाहीचं ब्लाऊज नको, लग्नातला भरगच्च चुडा त्या हातात नको. दंडाला ताईत किंवा गंडा बांधायचाच असेल तर दुसऱ्या हाताला बांधा, देव समजून घेतो. त्या बाजूच्या खांद्याला पिशवीचा पट्टा नको, कुबडी काखेत दाबत असेल तर फिजिओला सांगून बदला. त्या कुशीवर झोपू नका, रात्रीच्या रेल्वेत हात डोक्याखाली घेऊन मुंबईपर्यंत जाऊ नका, भुसावळला बसलात की मधे मधे उठून डब्यात दोन चकरा मारा.

पाणी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, केमोने उलट्या-जुलाब झाले की अंगातलं पाणी झपाट्याने जातं आणि रक्त घट्ट होतं. केमोवाल्यांनी लघवीचा रंग बघत पाणी, ताक, पेज घेत राहायचं. पण डायलिसिसच्या पेशंटने हे वाचून लोटाभर पाणी पिऊ नये, त्यांची मर्यादा डॉक्टरांनी सांगितलेली तीच. घामाने ड्रेसिंगची कड सुटली तर आठवडा पूर्ण व्हायची वाट न बघता बदलून घ्या, सुटलेल्या ड्रेसिंगमध्ये नळी आत-बाहेर सरकते, शीर घासते.

पायरी ६: सूज दिसली, आता पहिल्या तासात काय

इथे क्रम फार महत्त्वाचा.

आधी श्वास बघा. अचानक दम लागतोय, छातीत श्वास घेताना टोचतंय, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडला, ओठ निळे, यातलं एकही असेल तर गाठीचा तुकडा फुप्फुसात गेल्याची शक्यता आहे. १०८ ला फोन, आणि फोनवर "सेंट्रल लाइन आहे" हे आधी सांगा. हातातल्या गाठीतून हे पायाच्या मानाने कमी होतं, पण होतं.

श्वास ठीक असेल तर हात उशीवर थोडा उंच ठेवा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, नंतर निघत नाहीत. दोन्ही दंड मोजा, लिहा, फोटो काढा. लाइनमधून काहीही सोडायचं थांबवा. मग हॉस्पिटलला फोन, आणि त्याच दिवशी जायचं. उद्या बाजार आहे, परवा गाडी मिळेल, असं नाही.

आता जे करायचं नाही ते. चोळायचं नाही. आपल्याकडे शेजारची काकू येते, हात बघते आणि "काही व्हत नही, तेल लाई दे" म्हणून स्वतःच मांडी घालून चोळायला बसते, माया खरी असते पण चोळल्याने गाठ सुटून पुढे जाऊ शकते. तिला चहा द्या, हात देऊ नका. गरम विटेचा शेक, बिब्बा, घट्ट पट्टी, नको. गावात सुजेचं म्हणून डायक्लोचं इंजेक्शन, नको. आणि लाइन स्वतः ओढून काढायची नाही, नळीभोवती गाठ असेल तर ओढताना ती सुटू शकते, शिवाय हवा आत जाण्याचा धोका.

थांबा: धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्याच्या पाड्यांवरच्या लोकांनी हा शोध सूज यायच्या आधीच लावून ठेवा, की जवळात जवळ कलर डॉप्लर (शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी) कुठे होतं आणि रविवारी कोण करून देतं. साधी सोनोग्राफी तालुक्याला मिळते, हाताच्या शिरांचं डॉप्लर सगळीकडे करत नाहीत.

पायरी ७: डॉप्लरला गेल्यावर

चिठ्ठीवर "हाताची सोनोग्राफी" एवढंच असेल तर पुरत नाही. दंड, काख, कॉलरच्या हाडाखालची शीर आणि गळ्याची शीर, एवढं सगळं बघायचंय आणि लाइन कोणत्या बाजूला आहे, हे लिहून घ्या. पट्टी उघडून बघावी लागली तर तिथे नवी स्वच्छ ड्रेसिंग करून घ्या, जुनीच चिकटवून घरी येऊ नका.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून प्रत्येक वेळी सुटका होत नाही. कॉलरच्या हाडामागच्या आणि छातीच्या आतल्या शिरा डॉप्लरमध्ये नीट दिसत नाहीत, हाड मधे येतं. सूज आहे, छातीवर शिरा उठल्यात, आणि डॉप्लर नॉर्मल, तर डॉक्टरांना विचारा, सीटीत शिरा बघायची गरज आहे का. किडनीचा त्रास असेल तर सीटीच्या डायबद्दल (शिरेत सोडायचं औषध, ज्याने शिरा फोटोत दिसतात) आधी बोला.

डी-डायमर नावाची, गाठीचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट कोणी परस्पर करून आणली तर एकट्या त्यावर जाऊ नका, कॅन्सरमध्ये, ऑपरेशननंतर, इन्फेक्शनमध्ये ती एरवीही वाढलेली असते.

पायरी ८: गाठ निघाली, तर लगेच "लाइन काढा" म्हणू नका

नातेवाईकांचं पहिलं वाक्य हेच असतं. पण लाइन अजून लागणार आहे, टोक जागेवर आहे, नीट चालतेय आणि इन्फेक्शन नाही, तर सहसा ती ठेवून रक्त पातळ करायचं औषध सुरू करतात. कारण काढली की दुसरीकडे नवीन टाकावी लागते आणि तिथेही गाठ होऊ शकते. इन्फेक्शन असेल, लाइन लागत नसेल, किंवा औषध चालू असून सूज वाढतच असेल, तर काढतात.

औषध किमान ३ महिने, आणि लाइन तोपर्यंत निघाली नसेल तर ती असेपर्यंत, असं साधारण चालतं. आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते: सूज दहा-बारा दिवसांत उतरते, गोळ्या महाग, मग "बरं वाटतंय जिभाऊ" म्हणून बंद. सूज उतरणं म्हणजे बाजूने रस्ता झाला, गाठ गेली असं नाही. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना तोंडावर सांगा, स्वस्त पर्याय असतो, पण मनाने बंद नको.

पोटातलं इंजेक्शन असेल तर: बेंबीपासून दोन इंच तरी लांब, रोज बाजू बदलून, कातडीची घडी पकडून सरळ टोचायचं. भरून आलेल्या सिरींजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. टोचल्यावर चोळायचं नाही. खोक्यावर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, पत्र्याच्या घरात मे महिन्यात कपाटात ठेवलं तर काय होणार ते तुम्हीच बघा. कुठे ठेवायचं ते केमिस्टला विचारून घ्या, बर्फात मात्र नको.

गोळी असेल तर तिचं नाव नीट वाचा. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलीग्रॅमची गोळी जेवणासोबतच, रिकाम्या पोटी तिचा पूर्ण फायदा होत नाही, त्यामुळे चतुर्थी-एकादशीचा कडक उपवास असेल तर आधी विचारा. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा, जेवणाचा संबंध नाही, पण संध्याकाळची विसरायची नाही. वॉर्फरिन असेल तर आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी) टेस्ट वेळेवर, सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात, आणि मेथी, पालक, पोकळा बंद नाही करायचा, रोज साधारण सारखा खायचा. एका आठवड्यात शेतातली मेथी आली म्हणून दोन्ही वेळा तीच आणि पुढच्या आठवड्यात नुसती शेवभाजी, याने आयएनआर नाचतो.

केमो चालू असेल तर प्रत्येक वेळी सीबीसीचा (रक्तपेशी मोजायच्या टेस्टचा) रिपोर्ट गाठीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या की पूर्ण डोस चालू ठेवायचा का याचा पुन्हा विचार करावा लागतो. किडनीच्या पेशंटचेही डोस वेगळे. कॅन्सरचे डॉक्टर एकीकडे, गाठीचे दुसरीकडे, आणि मधे फाइल फक्त तुमच्या पिशवीत, हे लक्षात ठेवा.

थांबा: ही औषधं चालू असताना कमरेत किंवा दंडात इंजेक्शन नाही, आत रक्त साचतं. अंगदुखीला मनाने गोळी नाही, झाडपाल्याचा काढा नाही. काळी शौच, लाल लघवी, हिरड्यांतून थांबत नाही असं रक्त आलं तर लगेच हॉस्पिटल. मोटारसायकलवरून पडून डोक्याला लागलं तर वरून काही दिसलं नाही तरी दाखवायचं.

पायरी ९: लाइन काढताना आणि नंतर

लाइन ज्या दिवशी लागणं बंद होतं त्या दिवसापासून ती नुसती जोखीम आहे. शेवटची केमो झाली, फिस्तुला चालू झाला, की "कधी काढायची" हे तुम्ही विचारा, राहून जातं. गाठ झालेली असेल तर रक्त पातळ करायचं औषध काही दिवस देऊन मग काढायची का, हेही विचारा.

काढताना पेशंट आडवा, श्वास रोखून किंवा बाहेर सोडताना. हे हवेसाठी आहे, म्हणून बसून, गप्पा मारत काढू देऊ नका. नंतर दाबून धरायचं, हवाबंद ड्रेसिंग किमान एक दिवस, आणि अर्धा तास तरी पडून राहायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाबून जास्त वेळ धरावं लागेल. बाहेर आलेली नळी पूर्ण आहे का, लांबी टाकतानाच्या नोंदीशी जुळते का, हे सिस्टर बघतेच, तुम्हीही एकदा विचारा.

चेक: गाठीच्या गोळ्या लाइन निघाली म्हणून त्याच दिवशी थांबत नाहीत. किती दिवस, हे चिठ्ठीवर तारखेसकट लिहून घ्या. काढल्यानंतरही महिनाभर हाताकडे लक्ष ठेवा, आणि हात बरेच महिने जड राहत असेल, संध्याकाळी सुजत असेल तर दाखवा, त्यासाठी व्यायाम असतात, कधी हातावर घालायचा, मापाचा दाब देणारा मोजा देतात, तो डॉक्टरांनी सांगितला तरच.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: कोणत्या बाजूला, कोणत्या शिरेत, कोणत्या महिन्यात गाठ झाली होती आणि कोणतं औषध किती दिवस घेतलं. पुढे कधीही ऑपरेशन, बाळंतपण किंवा परत लाइन टाकायची वेळ आली तर हे पान आधी दाखवायचं.